उपकरणाची स्मृती व तिचा विनियोग

विसरणे हा दोष आणि लक्षात ठेवणे हा गुण, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पाढे विसरल्याबद्दल वर्गात उभे राहण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्यास तर हे वेगळे सांगावयास नको. परंतु विजेच्या मंडलातील घडामोडी टिपणाऱ्या उपकरणांच्या बाबतीत हा नियम थोडा बदलावा लागतो. त्यांची स्मृती कितीही मोठी असली तरी समोर वाहत असलेल्या घटनांच्या मानाने ती अत्यल्पच असते. म्हणून काय लक्षात ठेवावे, याइतकाच काय विसरू द्यावे, हाही प्रश्न तेथे महत्त्वाचा ठरतो. यंदा आमच्या विज्ञान मंडळास हा धडा एका अनपेक्षित प्रसंगातून मिळाला. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सहामाही परीक्षेत गणिताच्या पेपरच्या दिवशी, वेळ संपण्यास वीस मिनिटे अवकाश असतानाच शाळेची घंटा वाजली. टोकाच्या एका वर्गात पर्यवेक्षकांनी घड्याळ न पाहता उत्तरपत्रिका गोळा केल्या. चूक ध्यानात येताच त्या परत देण्यात आल्या आणि वेळही वाढवून देण्यात आला; पण मुलांच्या मनाची व्हावयाची ती चलबिचल झालीच. आमच्या शाळेची घंटा एका विद्युत नियंत्रकाकडून ठरलेल्या वेळी आपोआप वाजते. त्याखेरीज व्हरांड्यात एक बटण आहे. ते एकदा दाबले की घंटा दहा सेकंद वाजते. नियंत्रकातील वेळा तपासल्या, त्या अचूक होत्या. तेव्हा बटण कोणी तरी दाबले असले पाहिजे, असे सर्वांनी ठरविले. आणि बटणाजवळ बसतात ते आमचे शिपाईमामा. "बाळांनो, मी बटणाला हातसुद्धा लावला नव्हता," असे ते आम्हांस पुन्हा पुन्हा सांगत होते. सव्वीस वर्षे शाळेची सेवा केलेल्या माणसाच्या शब्दाखेरीज त्यांच्याजवळ दुसरा पुरावा नव्हता. पुढे दोन वेळा ऐन तासाच्या मध्यावर घंटा वाजली आणि मामांना लेखी समज देण्याची भाषा सुरू झाली.

आमच्या विज्ञानाच्या बाईंनी मुख्याध्यापकांकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि एका अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून अंकीय ऑसिलोस्कोप उसना आणला. नववी-दहावीचे आम्ही सात जण त्यांच्या हाताखाली कामास लागलो.

ऑसिलोस्कोप म्हणजे बदलत्या विद्युत दाबाचे चित्र काढणारे उपकरण. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर व्होल्ट, असा तो एक आपोआप निघणारा आलेखच होय. १८९७ साली फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने ऋणकिरण नलिका बनविली, तेथून या उपकरणाचा वंश सुरू होतो. जुन्या ऑसिलोस्कोपला खऱ्या अर्थाने स्मृती नव्हती. पडद्यावर उमटलेली प्रकाशरेषा क्षणात मावळे आणि ती टिकवून ठेवावयाची तर समोर कॅमेरा लावावा लागे. अंकीय ऑसिलोस्कोपची रीत निराळी आहे. तो ठरावीक अंतराने विद्युत दाब मोजतो, प्रत्येक मोजमापाची एक संख्या करतो आणि या संख्या ओळीने स्मृतीत मांडून ठेवतो. अशा एकेका मोजमापास 'नमुना' म्हणतात. पडद्यावर दिसते ती रेषा या नमुन्यांच्या ठिपक्यांवरून काढलेली असते.

आम्हांस मिळालेल्या उपकरणाची स्मृती १ कोटी नमुन्यांची होती आणि ते सेकंदास जास्तीत जास्त १०० कोटी नमुने घेऊ शकत असे. कोटीचा आकडा ऐकून आम्ही हरखून गेलो. तेव्हा बाईंनी फळ्यावर एक साधे समीकरण लिहिले: नोंदीचा काळ म्हणजे स्मृतीतील नमुने भागिले नमुने घेण्याचा वेग. १ कोटीस १०० कोटींनी भागले असता भागाकार येतो एक शतांश. म्हणजे पूर्ण वेगाने नोंद केल्यास ही एवढी मोठी स्मृती सेकंदाच्या शंभराव्या भागात काठोकाठ भरते! आम्हांला तर दिवसभर पहारा करावयाचा होता.

येथे एक सूचना करणे आवश्यक आहे. घरातील २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यास ऑसिलोस्कोपची तार कोणीही स्वतःहून जोडू नये. तिच्या चिमट्याचे एक टोक सामान्यतः उपकरणातून थेट जमिनीस जोडलेले असते आणि चुकीच्या जागी ते लावल्यास प्राणावर बेतू शकते. आम्ही केवळ बटणाच्या ५ व्होल्टच्या तारेवर, आणि तेही बाईंच्या समक्ष काम केले. या तारेवर एरवी ५ व्होल्ट असतात. बटण दाबले की तो दाब शून्यावर येतो आणि त्यावरून नियंत्रकास घंटा वाजविण्याची आज्ञा मिळते.

पहिल्या दिवशी आम्ही पाळीपाळीने पडद्याकडे डोळे लावून बसलो. पडद्यावर एका वेळी सेकंदाच्या हजाराव्या भागाचे चित्र उमटे आणि अशी सुमारे पन्नास चित्रे सेकंदास येत. काही दिसले नाही, तेव्हा काही घडलेच नाही असे आम्ही वहीत लिहिले. ते वाचून बाईंनी आम्हांस गुणाकार करावयास लावला. हजाराव्या भागाची पन्नास चित्रे म्हणजे सेकंदाचे पन्नास सहस्रांश, अर्थात शेकडा पाच भाग. उरलेला शेकडा पंचाण्णव भाग उपकरण मागील चित्र रंगविण्यात आणि पुढच्याची तयारी करण्यात गुंतलेले होते. तेवढा वेळ ते आंधळेच होते आणि त्याच्या भरवशावर आम्हीही.

दुसऱ्या दिवशी आम्ही उलट टोकास गेलो. एका नोंदीत सलग दहा सेकंद पकडता यावेत म्हणून नमुन्यांचा वेग सेकंदास १० लाखांवर आणला. आता दोन नमुन्यांमधील अंतर एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग झाले. दिवसभरात एका नोंदीत एक एकाकी ठिपका रेषेपासून ढळून खाली पडलेला आढळला. उपकरणाचा किरकोळ दोष समजून आम्ही तो सोडून दिला. ही आमची चूक होती. पुढे समजले की, घंटेस फसविणारा झटका मायक्रोसेकंदाच्या पाचव्या भागाएवढाच टिकत होता. जाळीची भोके माशापेक्षा मोठी असली म्हणजे पाचांतले चार मासे निसटावयाचेच. आणि जो पाचवा आमच्या हाती लागला, त्यास आम्ही कचरा म्हणून फेकून दिले.

नमुने विरळ घेतल्याने घटना निसटते, एवढेच नव्हे. पुष्कळदा ती खोटे रूप धारण करूनही येते. चित्रपटात पुढे धावणाऱ्या गाडीची चाके उलटी फिरताना आपण पाहिली असतील. कॅमेरा ठरावीक अंतराने चित्रे घेतो. दोन चित्रांच्या मधल्या काळात चाक एका फेऱ्याहून किंचित कमी फिरले, तर ते मागे सरकल्याचा भास होतो. तसेच येथे घडते. आपल्या घरच्या विजेची सेकंदास ५० आवर्तने होतात. सेकंदास ४९ नमुने घेऊन तिचे चित्र काढले, तर पडद्यावर सेकंदास एकच आवर्तन करणारी संथ, सुरेख लाट दिसेल आणि ती साफ खोटी असेल. लाटेच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतल्याखेरीज तिचे खरे रूप कळत नाही, हे तत्त्व हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ सालच्या विवेचनातून पुढे आले आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली ते नेटकेपणाने सिद्ध करून मांडले. व्यवहारात दुप्पटीवर भागत नाही. आकृती नीट दिसावयाची तर पाचपट, दहापट वेग ठेवावा लागतो.

मग वेग वाढवावा तर काळ आखडतो आणि काळ वाढवावा तर बारकावा हरवतो. या कोंडीतून निघण्याच्या दोन वाटा उपकरणातच होत्या.

पहिली वाट 'शिखरशोधा'ची. या रीतीत उपकरण पूर्ण वेगाने नमुने घेते. परंतु सगळे साठवीत नाही. लहान लहान कालखंड पाडून प्रत्येक खंडातील सर्वांत मोठी व सर्वांत लहान अशा दोनच संख्या ते स्मृतीत ठेवते. दिवसभराचे तापमान टिपताना कमाल व किमान एवढेच आकडे लिहितात, तसाच हा प्रकार. ही रीत लावताच सपाट रेषेतून केसाएवढी बारीक रेघ खाली उतरलेली आम्हांस स्पष्ट दिसली. कालचा तो ठिपका दोष नव्हता! पण कमाल-किमान आकड्यांवरून दुपारी ऊन कसे चढत गेले हे जसे सांगता येत नाही, तशीच त्या झटक्याची नेमकी आकृती यावरून कळेना.

दुसरी वाट 'ट्रिगर'ची. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. अमुक गोष्ट घडली तरच नोंद करावयाची, अशी अट उपकरणास घालून देता येते. १९४७ साली बाजारात आलेल्या टेक्ट्रॉनिक्स ५११ या ऑसिलोस्कोपमुळे ही सोय विशेष प्रसिद्धीस आली. मात्र त्या काळच्या उपकरणात चाप ओढल्यावर पुढचे काय ते दिसे. स्मृती असलेल्या उपकरणाची खरी करामत अशी की, त्यास चाप ओढण्यापूर्वीचेही दिसते. हे कसे घडते? स्मृती रहाटगाडग्यासारखी वर्तुळाकार वापरली जाते. नवे नमुने येत राहतात आणि सर्वांत जुने पुसले जातात. अट पूर्ण होताच उपकरण आणखी थोडे नमुने घेते आणि मग थांबते. थांबल्यावर स्मृतीत घटनेच्या आधीचा भागही शाबूत असतो. अपराध उघडकीस आला तेव्हा आधीची हकीकतही दप्तरी असावी, तसेच हे आहे.

परंतु अशा वर्तुळाकार स्मृतीस वेळेवर थांबविले नाही तर काय होते, याचे एक उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. विमानाच्या चालककक्षातील संभाषण नोंदविणारे यंत्र याच तत्त्वावर चालते. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडहून निघालेल्या एका विमानाच्या बाजूचा एक बंदिस्त दरवाजा उड्डाणानंतर थोड्याच वेळात निखळून पडला. सुदैवाने विमान सुखरूप परतले व कोणी दगावले नाही. त्या विमानातील यंत्रात शेवटच्या दोन तासांचाच आवाज राहत असे. विमान उतरल्यावर यंत्र वेळीच बंद केले गेले नाही. ते नेमाने नोंद करीत राहिले आणि अपघाताच्या वेळचे सारे संभाषण नव्या नोंदीखाली पुसले गेले. युरोपात नव्या मोठ्या विमानांसाठी ही मर्यादा २५ तासांची करण्यात आली आहे. स्मृती वाढविणे हा एक उपाय खराच. पण योग्य क्षणी थांबणे ही तेवढीच महत्त्वाची गोष्ट आहे.

आता आमच्याकडे वळू. तारेवरील दाब ५ व्होल्टवरून उतरत अडीच व्होल्टच्या खाली गेला की नोंद करावयाची, अशी अट आम्ही घातली. परंतु एका घटनेसाठी सगळी स्मृती खर्चणे परवडणारे नव्हते. दिवसात अनेक वेळा असे घडत असेल, तर सर्व प्रसंग हवे होते. म्हणून आम्ही स्मृतीचे १०० समान खंड पाडले. १ कोटी नमुन्यांचे शंभर खंड केले की प्रत्येकात १ लाख नमुने येतात आणि पूर्ण वेगाने तेवढ्यांत १०० मायक्रोसेकंदांचा काळ मावतो. त्यांपैकी २० मायक्रोसेकंद घटनेपूर्वीचे व ८० नंतरचे ठेवले. एक घटना घडली की एक खंड भरे, त्यावर वेळेचा शिक्का बसे आणि उपकरण पुढील घटनेची वाट पाहत बसे. मधल्या तासन्‌तास शांत काळाचा एकही नमुना साठविला जात नव्हता. पूर्ण बारकावा आणि सबंध दिवसाचा पहारा, ही दोन्ही कामे त्याच स्मृतीत बसली ती अशी.

आणखी एक बारीकशी काळजी घ्यावी लागली. बटण हाताने दाबले असता आतील धातूच्या पट्ट्या क्षणभर एकमेकींवर आपटून उसळतात आणि एका दाबण्यात दाब अनेकदा खालीवर होतो. तसे झाल्यास एकच घटना दहा खंड खाऊन टाकील. म्हणून एकदा नोंद झाल्यावर अर्धा सेकंद पुन्हा नोंद करू नये, असेही उपकरणास सांगून ठेवले.

पहिला संबंध दिवस उत्तम गेला. खंडामागून खंड भरत होते. साडेचार वाजता वीज गेली आणि ती परत आली तेव्हा स्मृती कोरी होती. ज्या स्मृतीत नमुने भराभर मांडले जातात ती वीज असेतोपर्यंतच धरून ठेवणारी असते, हे आम्हांस ठाऊक होते. पण नोंदी पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्याचे काम आम्ही शाळा सुटण्याच्या वेळेवर टाकले होते. त्या दिवशी कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक तासिकेच्या शेवटी नोंद उतरवून घेण्याचा नियम केला. तसेच केवळ पडद्याचे चित्र न घेता मूळ संख्या घेतल्या. कारण चित्र मोठे करून पाहता येते, पण त्यात नसलेला बारकावा मागाहून आणता येत नाही. प्रत्येक नोंदीबरोबर तारीख, नमुन्यांचा वेग, व्होल्टची मापणी आणि ट्रिगरची अट वहीत लिहिली. हे चार तपशील हरवले तर संख्यांचे भांडार अर्थशून्य होते.

तीन दिवसांच्या नोंदी टेबलावर मांडल्या तेव्हा दोन प्रकारच्या आकृती स्पष्ट वेगळ्या पडल्या. पहिल्या प्रकारात रेषा खाली आली, थोडी उसळली आणि चौकट संपेपर्यंत पुन्हा ५ व्होल्टवर स्थिरावली नाही. हा माणसाचा हात. कितीही चटकन दाबले तरी बोट बटणावरून उचलण्यास मायक्रोसेकंदांच्या मानाने फार मोठा वेळ जातोच. दुसऱ्या प्रकारात रेषा सुळकन खाली जाऊन मायक्रोसेकंदाच्या आतच वर येत होती. एवढ्या वेळात बटण दाबून सोडणारा मनुष्य अद्याप जन्मलेला नाही.

मग हे कोण करीत होते? आमच्यातील एका विद्यार्थिनीने विहिरीवरील पाण्याच्या मोटरीजवळ वही घेऊन बसण्याचे काम पत्करले होते. टाकी भरली की ती मोटर आपोआप बंद होते. तिने लिहिलेल्या मोटर बंद होण्याच्या वेळा आणि दुसऱ्या प्रकारच्या खंडांवरील शिक्के एकास एक जुळले. त्यांपैकी दोन वेळा घंटाही वाजली होती. मोटरीच्या कॉन्टॅक्टरमध्ये तारेचे वेटोळे असते. त्यातील प्रवाह एकाएकी तुटला की मोठा क्षणिक दाब निर्माण होतो, हे विद्युतचुंबकीय प्रवर्तन आपण दहावीत शिकतो. कॉन्टॅक्टरची तार आणि बटणाची तार व्हरांड्यात एकाच लाकडी पट्टीवरून गेली होती. शेजारणीचा धक्का हिला बसे आणि नियंत्रक त्यास माणसाचे बोट समजे.

उपाय अगदी स्वस्त निघाला. नियंत्रकाच्या तोंडाशी १० किलो-ओहमचा रोध व ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र जोडले. त्यांचा गुणाकार येतो सेकंदाचा हजारावा भाग. त्याहून पुष्कळ लहान झटके तेथेच विरतात आणि हाताचे दाबणे मात्र पोहोचते. शिवाय शाळेच्या वायरमनकडून दोन्ही तारा वेगळ्या करवून घेतल्या. त्यानंतर घंटा अवेळी वाजलेली नाही.

मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमक्ष मामांचे म्हणणे खरे असल्याचे सांगितले. आम्ही त्यांस त्या आकृतींचे कागद दाखविले. त्यांनी चष्मा पुसून ते नीट पाहिले आणि विचारले, "यात माझे बोट कुठले?" आम्ही पहिल्या प्रकारच्या आकृतीवर बोट ठेवले. "आणि परीक्षेच्या दिवशीचे?" त्या दिवशीची नोंद आमच्याजवळ नव्हती, हे आम्हांस प्रामाणिकपणे सांगावे लागले. मोटर त्या वेळी चालू होती, एवढेच पाण्याच्या नोंदवहीवरून दाखविता आले. मामांना तेवढे पुरले.

या प्रसंगातून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात असे. उपकरणास काही दिसले नाही म्हणजे काही घडले नाही, असे मानू नये. ते कोठे पाहत होते, किती वेगाने आणि किती वेळ, हे आधी विचारावे. स्मृतीचा आकडा मोठा असल्याने काम होत नाही. काय शोधावयाचे हे ठरवून ती वाटून द्यावी लागते. एखादा ठिपका रेषेबाहेर पडला तर तो पुसण्यापूर्वी त्याची चौकशी करावी. आणि हाती आलेली नोंद वेळेवर सुरक्षित ठेवावी.

जिज्ञासू वाचकांसाठी दोन उदाहरणे देऊन हा लेख पुरा करतो. पहिले: एका उपकरणाची स्मृती २ कोटी नमुन्यांची आहे, सलग ४ सेकंदांची नोंद हवी असल्यास नमुन्यांचा वेग जास्तीत जास्त किती ठेवता येईल आणि त्या वेगात मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागाचा झटका निश्चितपणे सापडेल काय? दुसरे: तीच स्मृती २०० खंडांत विभागली व वेग सेकंदास १०० कोटी ठेवला, तर एका खंडात किती काळ मावेल? उत्तरे विज्ञान मंडळाच्या फलकावर लावली आहेत. पण ती पाहण्यापूर्वी पाटी-पेन्सिल घेऊन स्वतः हिशेब करावा, ही विनंती.